घागरीतली रोझमेरी

"रोज पाणी नको घालू गो," लोबोबाई म्हणाल्या. "इकडे सगळे तेच करतात. झाड दिसलं की ओततात."

टांगा दारात उभा होता. ट्रंका चढवून झाल्या होत्या. लोबोबाई बरणी द्वारकाच्या हातात देत होत्या, पण सोडत नव्हत्या. ती लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, काठाचा टवका उडालेली. तिच्यात हातभर उंचीचं एक झुडूप होतं. पानं सुयांसारखी, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी. हात लागला की कापूर आणि निलगिरी एकत्र कुटल्यासारखा वास यायचा. लोबोबाई त्याला रोझमेरी म्हणायच्या.

"बरणीला बुडाला भोक नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून पाणी चमच्यानं द्यायचं. साहेबांनी त्यांच्या आईच्या बरणीत लावलं होतं ना, मला बदलवेना. सकाळचं ऊन दे. दुपारचं नको, जळेल. वारा लागू दे."

द्वारका म्हणजे माझी बायको. ती सगळं ऐकून घेत होती.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या ओळीचं शेवटचं घर त्यांचं आणि त्याच्या अलीकडचं आमचं. लोबोसाहेब मालगाडीवर गार्ड होते. आदल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, ऐन उन्हात, ते गेले. त्यांना इथेच, रेल्वेच्या जुन्या कबरस्तानात पुरलं. आता बाई गोव्याला, लेकाकडे निघाल्या होत्या.

"झाड घेऊन जा की बाई," मी म्हणालो. "तिकडे थंड हवा."

"बहिणीकडे दोनदा फांदी धाडली, प्रल्हादभाऊ. दोन्ही पावसात कुजल्या. हे कोरड्या हवेचं झाड. साहेबांनी उटीहून ओल्या रुमालात गुंडाळून आणलं होतं. रविवारी मटणात घालायचे. स्वतः रांधायचे, मला चुलीपाशी येऊ द्यायचे नाहीत." बाईंनी चष्मा पुसला. "साहेबांच्या तारखेला मी येणार. कबरीवर ह्याची एक फांदी ठेवायची आहे. फुलं नको. फुलांना ते हसायचे. म्हणायचे, जे खाता येत नाही ते काय कामाचं?"

"ताजी फांदी मिळंल," द्वारका म्हणाली. "मी देईन."

"जगलं तर," लोबोबाई म्हणाल्या.

"जगलं तर नाही. देईन म्हटलं ना."

तेव्हा कुठे बाईंनी बरणी सोडली.

टांगा वळला तसा मी द्वारकाला म्हणालो, "कायले शब्द देतेस? ते झाड तुले माहीत नाही."

"झाडाले तरी मी कुठं माहीत आहे?" ती म्हणाली. "होईल ओळख."

माझी बायको अशी होती. शब्द फार देत नसे, आणि दिलेला परत घेत नसे.

मी तेव्हा स्टेशनात गाड्यांना पाणी भरायचो. लांबची गाडी भुसावळला थांबली की पाइप ओढत पळायचं आणि डब्यांच्या टाक्या भरायच्या. टाकीवरून पाणी सांडलं की पुढचा डबा. सांडलं म्हणजे भरलं, एवढंच आमचं माप. माझ्या हातून सुकी गाडी कधी सुटली नाही. कॉलनीत मला पाणीवाला म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

अशा माणसाच्या घरात ते झाड आलं. सकाळी उठून पाहावं तर बरणीतली माती वरून भुरकट, कोरडी ठणठणीत. माझा हात तांब्याकडे जायचा.

"ठेवा तो तांब्या," द्वारका चुलीपासूनच म्हणायची. "बोट घाला आत. वरून काय पाहता?"

बोट घातलं की आत खरंच ओल लागायची.

द्वारका ती बरणी दिवसभर फिरवायची. सकाळी पूर्वेच्या ओट्यावर. ऊन डोक्यावर यायला लागलं की न्हाणीच्या भिंतीमागे सावलीत, जिथून वारा वाहायचा. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, लेकराची पण एवढी उचलठेव कोणी करत नाही. द्वारका म्हणायची, "लेकरू रडून तरी सांगतं."

आणि अशात आखाजी आली.

अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. उन्हाचे दिवस, पितरांना तहान लागलेली असणार, म्हणून नव्या घागरीत गार पाणी भरायचं, त्यात वाळा टाकायचा, तोंडावर खरबूज ठेवायचं आणि पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य दाखवायचा.

आमच्याकडे घागर आणायचा मान आक्काचा. आक्का माझी मोठी बहीण, यावलला दिलेली. आई गेल्यापासून आमच्या घराला माहेर म्हणून तीच यायची आणि आई म्हणून धाकही तीच घालायची. यावलच्या कुंभाराकडे बसून ती घागरी वाजवायची. बोटाच्या पेरानं टकटक करायचं. टणटणली तर चांगली भाजली, बद्द वाजली तर कुठंतरी चीर. दहा घागरी वाजवून एक निवडायची आणि बसमध्ये मांडीवर घेऊन यायची.

त्या वर्षीही आणली. लालभडक, गोल, कुठं डाग नाही. पाटावर गहू पसरून ठेवली, पाणी भरलं. आक्कानं बापाचं नाव घेतलं, मग आईचं. "आई, पाणी पी," ती म्हणाली. दरवर्षी एवढंच म्हणायची.

जेवणं झाल्यावर आक्काची नजर न्हाणीमागे गेली.

"हे काय लावलं ग, द्वारके?"

"लोबोबाईंची रोझमेरी आहे, आक्का. सांभाळायले दिली."

"माती पाहिलीस का तिची? फुफाटा झालाय नुसता."

"तिले पाणी कमीच लागतं."

"वैशाखात झाडाले पाणी नको म्हणणारी सून मी पहिलीच पाहिली," आक्का म्हणाली. "आणि ती पण पाणीवाल्याची बायको!"

दुसऱ्या दिवशी द्वारकाच्या मामेभावाचं लग्न होतं, जामनेरकडे. आम्ही दोघं आणि दोघी पोरी असे निघालो. आक्का म्हणाली, मी घर राखते, मला कुठं त्या गर्दीत नेता. निघताना द्वारका पुन्हा म्हणाली, "आक्का, त्या झाडाले पाणी घालू नका बरं."

"हाव हाव. जा आता, गाडी चुकंल."

दोन मुक्काम झाले. पोरी सुट्टीच्या म्हणून मामाकडेच राहिल्या. आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो. दारातूनच मला टप् टप् ऐकू आलं. मी पाणीवाला, गळका नळ मला आधी ऐकू येतो. पण तो नळ नव्हता.

तुळशीवर एक मडकं टांगलं होतं. त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात, आणि वातीतून थेंब थेंब पाणी तुळशीवर पडत होतं. त्याला गळती म्हणतात. वैशाखात तुळशीवर, महादेवाच्या पिंडीवर लावतात. मोठं पुण्य असतं.

न्हाणीच्या भिंतीमागे दुसरी गळती होती. रोझमेरीवर.

"दोघींचीही सोय करून टाकली," आक्का पदरानं वारा घेत म्हणाली. ती खुशीत होती. "तुळशीची आणि तुह्या त्या मेरीची. मेरी झाली म्हणून काय तिले तहान नाही?"

द्वारकानं हातातली पिशवी खाली ठेवली. आधी गळती सोडली. मग बरणी तिरपी केली. पाणी भदकन बाहेर आलं आणि शेणखळीसारखा आंबूस वास सुटला. झाडाची खालची पानं काळी पडली होती. तिनं एका फांदीला नुसतं बोट लावलं, तर पानं झडून तिच्या हातावर पडली.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "बरणीले भोक नाही."

"मंग बरंच झालं की. पाणी वाया गेलं नाही."

मला वाटलं आता भांडण पेटणार. पण द्वारकानं लुगड्याचा पदर खोचून गोणपाट अंथरलं, बरणी आडवी केली आणि झाड मातीसकट ओढून काढलं. मुळं तपकिरी झाली होती. चिमटीत धरली की साल सुटून हातात यायची. ती कात्रीनं सडकं तेवढं कापत गेली. मी वाकून पाहत होतो. कापता कापता इतकं कापलं की मला वाटलं आता काही उरत नाही. शेवटी एका बाजूला थोडी मुळं राहिली. पांढरी होती.

"एवढी चांगली आहेत," ती म्हणाली. "पण आता हिले बरणी नको. घाम येणारं भांडं पाहिजे. कच्च्या मातीचं, रंग न दिलेलं, बुडाला भोक असलेलं. आज पाहिजे."

मी सायकल काढली. त्या उन्हात कुंभारवाड्यात गेलो. कुंभार झोपला होता, उठून बसला.

"कुंडी? आता कुठली कुंडी, प्रल्हादभाऊ? आखाजीले भाजलेला आवा सगळा घागरी-माठांचा. तो पण संपला. कुंड्या श्रावणात."

"फुटका माठ तरी?"

"फुटका माठ विकायले ठेवतं का कोणी?"

घरी डालड्याचा डबा होता, पण पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. मागच्या वर्षीची घागर निंबाखाली पक्ष्यांसाठी ठेवली होती, ती मांजरानं पाडून कधीच फोडली होती. मी परत आलो तेव्हा द्वारकानं झाड ओल्या फडक्यात गुंडाळलं होतं, जसं लोबोसाहेबांनी उटीहून आणलं असेल तसं. रेती चाळून ठेवली होती. लोको शेडमागून कधी काळी आणलेले जळक्या कोळशाचे खडे फोडून ठेवले होते. माझ्या तंबाखूच्या डबीतला चुनासुद्धा काढून घेतला होता.

"मिळाली का?"

"नाही."

तिनं मान हलवली. मग तिची नजर घरात गेली, जिथं पाटावर नवी घागर होती. आत आईच्या नावाचं पाणी होतं. नजर गेली आणि लगेच परत आली. तिनं काही मागितलं नाही. ती मागणारी नव्हतीच.

पण मी पाहिलं होतं. आणि आक्कानंही पाहिलं होतं.

"खबरदार," आक्का म्हणाली.

"मी काही बोलले का, आक्का?"

"तू नाही बोललीस. मले कळतं. ती पितरांची घागर आहे. आणि त्या तोंडातून हे झाड आत कसं जाणार? गळा कापावा लागंल. प्रल्हाद, आईच्या घागरीचा गळा कापशील तू? कोणा गार्डाच्या झाडासाठी?"

मी द्वारकाला विचारलं, "घागर मिळाली तर जगंल?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"खोटं कायले बोलू? मुळं थोडी आहेत. उन्हाचा जोर तर अजून यायचाय. पण शब्द दिला आहे. जे करता येतं ते करून मरू द्यायचं असतं. तसंच मरू दिलं तर ते मी मारलं."

आक्का म्हणाली, "मग मी मारलं म्हण की सरळ!"

"तुम्ही पाणी पाजलं, आक्का. पाणी पाजणाऱ्याले कोण काय म्हणंल?"

आक्काचे डोळे भरले. रागानं की कशानं, मला कळलं नाही. ती घागरीपाशी जाऊन बसली, पाटाला हात लावून.

मी तिच्यासमोर बसलो. मला नीट बोलता येत नाही. पण त्या दिवशी आलं.

"आक्का, आईले शेवटी पाणी कोण पाजत होतं?"

तिनं पाटावरचे दोन गहू उचलून मुठीत धरले.

"आईचा घसा मिटला होता. तू पेला लावायचीस, मी पेला लावायचो. आपल्याले वाटायचं तहानली आहे, भरपूर पाजू. आणि तिले ठसका लागायचा. डोळे पांढरे व्हायचे. ही चमच्यानं पाजायची. दिवसभर बसून, एकेक चमचा. तू यावलहून आलीस की आई तुह्या हातचं जेवण घ्यायची, पण पाणी हिच्याकडेच मागायची. खरं का खोटं?"

"खरं," आक्का म्हणाली.

"मंग आई हिले एक घागर नाही म्हणंल का? तिचं पाणी पिऊन झालं, आक्का. आखाजीलेच झालं. आता ते नुसतं भांडं आहे."

आक्का उठली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

द्वारकानं घागरीतलं पाणी तुळशीला घातलं. थेंबही इकडे तिकडे सांडू दिला नाही. मग घागर माझ्यासमोर ठेवली आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. मी हॅक्सॉ ब्लेड काढलं, पाण्यात बुडवलं. भाजलेली माती कोरडी कापली तर तडकते. मी गळ्याखाली ब्लेड लावलं. लोखंडी पाइप आयुष्यभर कापले होते, घागर कधी नाही.

"हळू," द्वारका म्हणाली. "घाई नाही."

घागर फिरवत फिरवत कापत गेलो. लाल पाणी माझ्या मनगटावरून ओघळत होतं. एका जागी कर्र आवाज झाला. मी ब्लेड थांबवलं, दोघांनी वाकून पाहिलं. चीर गेली नव्हती. काप मात्र तिथं तिरका झाला, सरळ रेष सुटून खाली घसरला. शेवटी गळा अख्खा, बांगडीसारखा, माझ्या हातात आला. मग घागर पालथी घालून बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. ठोकलं नाही, नुसता खिळा फिरवत राहिलो, ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत.

"वाकडी झाली," मी म्हणालो.

"वाकडी तर वाकडी. पाणी सरळच गळंल."

तिनं खाली खडे घातले, वर रेती-माती, चिमूटभर चुना, आणि त्यात फांद्या छाटून उरलेली ती काडी उभी केली. कापलेला गळा उलटा करून जमिनीवर ठेवला आणि त्यावर घागर बसवली, म्हणजे बुडाखालून वारा जावा. त्या घागरीतलं काहीच वाया गेलं नाही.

आक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली. आखाजीची लेक पोटभर जेवून, ओटी घेऊन जाते. आक्का नुसता चहा घेऊन गेली. ओट्यावरून उतरताना तिनं घागरीकडे पाहिलं, पण द्वारकाकडे पाहिलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. उरलेली पानंही झडली. नवतपा लागला. मे अखेरचे ते नऊ दिवस म्हणजे आमच्याकडे सगळ्यात कडक. भुसावळात त्या दिवसांत कावळासुद्धा दुपारी उडत नाही. स्टेशनात पाइपातलं पाणी हाताला चटका द्यायचं. आणि माझी बायको एका काडीची घागर उचलून सकाळी उन्हात ठेवायची, दुपारी सावलीत न्यायची.

पाणी कधी घालायचं हे तिनं आक्काकडूनच उचललं. पेरानं घागर वाजवायची. बद्द वाजली म्हणजे आत ओल आहे, हात लावायचा नाही. टणटणली म्हणजे कोरडी, तेव्हा अर्धा पेला, कडेकडेनं. मीही वाजवायला शिकलो. ड्यूटीवरून आलो की आधी घागर वाजवायची, मग चपला काढायच्या.

कॉलनीतले लोक जाता-येता बोलायचे.

"प्रल्हादभाऊ, काडीले काय पहारा देता?"

"सरपण वाळवताय का, वहिनी?"

द्वारका हसायची. पण एकदा मी पाहिलं, ती न्हाणीमागे उकिडवी बसून नखानं त्या काडीची साल अगदी केसाएवढी खरवडत होती. आत हिरवं आहे का पाहत होती.

"आहे?"

"आहे. थोडं आहे."

लोबोबाई आल्या त्या दिवशी मी सुट्टी काढली होती. त्या काळ्या झग्यात होत्या, हातात छत्री. दारात पाऊल ठेवताच त्यांचे डोळे बरणी शोधायला लागले. बरणी ओट्यावर होती, धुऊन, पुसून, रिकामी. त्यांचा चेहरा उतरला.

"गेलं ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं गो. तुझा दोष नाही. हे ऊनच..."

"मागे या, बाई," द्वारका म्हणाली.

न्हाणीमागे, वाकड्या काठाच्या त्या घागरीत, काडी उभी होती. आणि काडीच्या शेंड्याला करंगळीएवढा नवा फुटवा होता. पोपटी, ताठ. त्याची पानं अजून नीट उलगडलीही नव्हती. आठवडाभरापूर्वी फुटला होता. द्वारकानं मला सोडून कोणालाही सांगितलं नव्हतं.

लोबोबाई छत्री टेकून खाली बसल्या. नाक जवळ नेलं.

"तोच वास," त्या म्हणाल्या. आणि मग काय झालं ते द्वारकानं त्यांना सांगितलं. बरणीला भोक नव्हतं म्हणून कुजलं, एवढंच सांगितलं. आक्काचं नाव घेतलं नाही. मी ते लक्षात ठेवलं आहे.

"हा एकच फुटवा आहे, द्वारका. नको तोडू. साहेब समजून घेतील."

"शब्द फांदीचा होता, बाई."

"मरेल ते."

"नाही मरणार. शेंडा खुडला की बाजूनं फुटतं. आणि नाही फुटलं तर नाही फुटलं." तिनं अंगठ्याच्या नखानं तो शेंडा खुडला आणि लोबोबाईंच्या तळहातावर ठेवला. "घ्या. ताजी आहे."

मी त्यांच्याबरोबर कबरस्तानात गेलो. बादलीभर पाणी नेऊन दगड धुतला. लोबोबाईंनी तो करंगळीएवढा शेंडा दगडावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला. एवढ्या मोठ्या दगडावर तो दिसतही नव्हता. पण ऊन लागलं आणि वास सुटला. मी दोन पावलं लांब होतो, तिथपर्यंत आला.

जाताना त्यांनी बरणी नेली. द्वारका म्हणाली, "आता तिच्यात लोणचंच घाला." झाड न्या असं आम्ही म्हणालो नाही आणि त्यांनीही म्हटलं नाही. "ते आता तुझंच," त्या म्हणाल्या.

खुडल्या जागेखाली दोन फुटवे आले. मग चार. पावसाळ्यात द्वारकानं घागर वळचणीला ठेवली. थंडीत झाड इतकं भरलं की घागरीचा काठ दिसेना. पुढे त्याच्या फांद्या कॉलनीतल्या कितीतरी घरी गेल्या. कोणी डोकं धुवायच्या पाण्यात घालायचं, कोणी सर्दीला वाफ घ्यायचं. ज्यांनी सरपण म्हटलं होतं, तेही घेऊन गेले. द्वारका प्रत्येकाला एकच सांगायची, पाणी घालायच्या आधी वाजवून पाहा.

पुढच्या आखाजीला आक्का आली. मांडीवर घागर घेऊन आली, दरवर्षीसारखी. मला वाटत होतं येणार नाही. पिशवी ठेवली आणि आधी न्हाणीमागे गेली.

"जगली का ही?"

"जगली, आक्का," द्वारका म्हणाली.

आक्कानं एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं. "औषधासारखी वासते," म्हणाली आणि आत आली. त्यावर ती पुन्हा कधी काही बोलली नाही. त्या वर्षी मात्र पोटभर जेवून, ओटी घेऊन गेली.

मी रिटायर झालो तेव्हा आम्ही गावाबाहेर स्वतःच्या घरात आलो. सामान टेम्पोत गेलं. घागर द्वारकाच्या मांडीवर आली.

गेल्या पौषात द्वारका गेली. फार दिवस आजारी नव्हती. शेवटचे दोन दिवस तिलाही घोट गिळवेना. मी चमच्यानं पाणी पाजलं. तिच्याकडून पाहिलं होतं, म्हणून मला जमलं. एकदाही ठसका लागू दिला नाही.

तिच्या मागं घागर मी रोज वाजवायचो. त्याच थंडीत एका सकाळी ती वेगळीच वाजली. पाहिलं तर एका अंगानं तडा गेला होता. मुळांनीच फोडली. मी तारेनं बांधून ठेवली.

यंदा आखाजीला पोरी आल्या. आक्काही आली. आता ती काठी टेकून चालते, कानानं कमी ऐकते. नातू तिला गाडीनं सोडायला आला होता, पण घागर तिच्याच मांडीवर होती. त्या कानांनी ऐकत कुंभाराकडे किती घागरी वाजवल्या असतील कोणास ठाऊक. तिनं पाटावर गहू पसरले. मी पाणी भरलं. बापाचं नाव झालं, आईचं झालं.

"द्वारके," आक्का म्हणाली, "पाणी पी."

मग तिनं घागरीच्या तोंडावर खरबूज ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पोरी आपापल्या घरी गेल्या. मी ओट्यावर बसलो होतो. आतून आक्का आली. तिनं आपल्या हातानं घागरीतलं पाणी तुळशीला घातलं, एक थेंबही सांडू दिला नाही. रिकामी घागर आणून माझ्यासमोर ठेवली.

"काप," ती म्हणाली.

मी घागर परत तिच्याकडे सरकवली.

"आक्का, ही द्वारकाची घागर आहे."

"मंग मी काय दुसऱ्या कोणाची म्हणते? तिचं पिऊन झालं. तिची मेरी तिथं तारेनं बांधून उभी आहे, ते तिले बघवंल का?" ती माझ्या शेजारी बसली, पाय पसरून दोन्ही हातांनी तिनं घागर घट्ट धरली. "आण ते पातं. आणि भोक जरा मोठं पाड. साचलेलं पाणी तिले चालत नव्हतं."

"हाव."

"आणि गळा सरळ काप. मागच्या खेपेला वाकडा कापला होतास. एवढी वर्षं पाहते आहे मी."

मी आत गेलो, ब्लेड आणलं आणि पाण्यात बुडवलं.